इग्द्रासिल : सोसणारे झाड

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

'थॉर' हा चित्रपट २०११ साली आला आणि त्यानंतर उत्तर युरोपातल्या जुन्या देवांची नावे आपल्याकडच्या शाळकरी मुलांना घरच्यासारखी झाली. ओडिन, थॉर, लोकी. त्यांच्याबरोबर एक झाडही आले. संगणकावरच्या खेळांत, मुलांच्या पुस्तकांत, टी-शर्टवरसुद्धा ते दिसते. भलामोठा बुंधा, वर घुमटासारखा पर्णसंभार आणि फांद्यांवर, मुळांवर बेताने मांडलेली नऊ जगे. सर्वांत वर देव, मध्ये माणसे, तळाशी मृतांचा लोक. एखाद्या इमारतीच्या जिन्यापाशी रहिवाशांच्या नावांची पाटी असावी, तसे सगळे मजल्यावार. या झाडाचे नाव इग्द्रासिल. नॉर्स लोकांचा, म्हणजे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलंड इथल्या लोकांच्या पूर्वजांचा, हा विश्ववृक्ष.

चित्र देखणे आहे, पण ते प्राचीन नाही. ज्या जुन्या हस्तलिखितांतून हे झाड आपल्याला ठाऊक झाले, त्यांत त्याचे चित्रच नाही. चित्र आले चारशे वर्षांनी, आणि नऊ मजल्यांचा नकाशा तर त्याच्याही नंतर, एकोणिसाव्या शतकात. तोपर्यंत ते झाड शब्दांतच उभे होते. नभोवाणीवर चित्र दाखवता येत नाही. तेव्हा आज माझी आणि त्या जुन्या कवींची अडचण एकच आहे, आणि ती आपल्या फायद्याची आहे असे मला वाटते. कारण शब्दांतले झाड चित्रातल्या झाडाहून फार निराळे आहे. ते आजारी आहे.

आधी झाडाची जात सांगतो. जुन्या कविता त्याला 'आस्कर' म्हणतात. इंग्रजीत हेच झाड अ‍ॅश. इंग्रजीतल्या राखेशी त्याचा काही संबंध नाही. महाराष्ट्रात हे झाड ओळखीचे नाही, पण हिमालयात त्याचे भाऊबंद आहेत. गढवालात त्याला अंगू म्हणतात. १९७३ साली चिपको आंदोलनाची पहिली ठिणगी पडली ती या अंगूवरूनच. गावकऱ्यांना शेतीच्या अवजारांसाठी अंगूची झाडे नाकारली गेली आणि खेळाचे साहित्य करणाऱ्या एका कंपनीला दिली गेली. शेतकऱ्याला जू करायला आणि कारखानदाराला रॅकेट करायला एकच लाकूड हवे होते, यावरून त्याचा गुण ध्यानात यावा. चिवट, लवचिक, धक्का पचवणारे लाकूड. युरोपातही भाल्याचा दांडा, कुऱ्हाडीचा दांडा करायचा तो अ‍ॅशचा. नॉर्स पुराणात देवांनी पहिला पुरुष घडवला, त्याचे नावसुद्धा आस्करच.

आता कवितेकडे वळू. 'ग्रिम्निस्माल' नावाचे एक जुने काव्य आहे. त्यात ओडिन हा देवांचा मुख्य वेष पालटून एका राजाच्या घरी येतो. राजाला त्याचा संशय येतो. पाहुणा आपले नाव सोडून दुसरे काही सांगत नाही, म्हणून राजा त्याला दोन धगधगत्या आगींच्या मध्ये बसवून ठेवतो. आठ रात्री अन्न नाही, पाणी नाही. अंगावरचा झगा जळू लागतो. शेवटी राजाचा लहान मुलगा पुढे होतो आणि त्याला पेलाभर पेय देतो. त्या मुलासाठी ओडिन बोलू लागतो. देवांची घरे, नद्या, प्राणी असे एकेक सांगत तो झाडावर येतो. या झाडाखाली देवांची न्यायसभा रोज भरते. थॉर तिथे पायी, नद्या तुडवत जातो, असेही तो सांगतो.

आणि मग झाडाचे वर्णन. त्याच्या मुळांशी निडहोग नावाचा सर्पराक्षस आहे, तो मुळे कुरतडतो. त्याच्या जोडीला इतर सापही आहेत, त्यांची गणती नाही. फांद्यांमध्ये चार हरिणे मान उंचावून कोवळी पालवी खातात. त्या चौघांना नावेसुद्धा आहेत. बुंध्याची एक बाजू कुजते आहे. शेंड्याशी गरुड बसला आहे. त्याच्या आणि मुळाशी असलेल्या निडहोगच्या दरम्यान एक खार वरखाली पळत असते. तिचे नाव राताटोस्क. वरचे बोलणे खाली आणि खालचे वर पोचवणे हे तिचे काम. तेराव्या शतकातला लेखक स्नोरी तर स्पष्टच सांगतो, की ती दोघांत शिव्याशापांची देवाणघेवाण घडवते. आपण जिला चुगलखोर, कळलावी म्हणतो तीच ही. विश्वाच्या मुख्य खांबावर कळलावी खार असावी, ही गोष्ट मला फार आवडते. ती ज्याला सुचली, त्याने आयुष्यात गावकीची भांडणे नक्की पाहिली असणार.

ओडिन पुढे सांगतो, की हे झाड जे सोसते ते माणसांना ठाऊक नाही. इथे थोडे थांबले पाहिजे. हे कोण बोलतो आहे? दोन आगींच्या मध्ये भाजत बसलेला, उपाशी देव. आपल्याला काय होते आहे, याबद्दल त्याची तक्रार फारशी नाही. झाडाला काय होते आहे ते मात्र तो तपशिलाने सांगतो. वरून खाल्ले जाते, मधून कुजते, खालून कुरतडले जाते. आणि तरी ते उभे आहे. जग ज्याच्या आधारावर आहे ती वस्तू अभंग नाही, रोज थोडीथोडी झिजते आहे, ही नॉर्स कल्पनेतली मुख्य गोष्ट. नऊ जगे त्यामानाने दुय्यम.

मग ते पडत का नाही? याचे उत्तर स्नोरीने लिहून ठेवले आहे. झाडाच्या एका मुळाशी उर्द नावाची विहीर आहे. तिथे नॉर्न नावाच्या स्त्रिया राहतात, माणसांचे नशीब ठरवणाऱ्या. आपली सटवाई डोळ्यांसमोर आणली तरी चालेल, फक्त या मुख्यतः तिघी आहेत. त्या रोज विहिरीचे पाणी काढतात, काठावरचा ओला चिखल त्यात मिसळतात आणि ते झाडावर शिंपडतात. का? तर फांद्या वाळू नयेत, कुजू नयेत म्हणून. ते पाणी इतके पवित्र, की त्यात जे पडेल ते अंड्याच्या कवचाआतल्या पापुद्र्यासारखे पांढरे होते. झाडावरून खाली ठिबकते ते दव, आणि त्यावर मधमाश्या जगतात. केवढे घरगुती वर्णन आहे हे! नशीब ठरवणाऱ्या देवता, आणि काम काय, तर रोज सकाळी झाडाला पाणी घालणे, बुंध्याला चिखल लिंपणे.

आपल्या श्रोत्यांना इथे अश्वत्थ आठवला असेल. आठवायलाच हवा. कठोपनिषदात आणि गीतेच्या पंधराव्या अध्यायात वर मुळे आणि खाली फांद्या असलेला पिंपळ येतो, आणि ज्ञानदेवांनी त्याचा केवढा विस्तार केला आहे! योगायोग असा, की नॉर्स कवितांचे मुख्य हस्तलिखित लिहिले गेले १२७०च्या सुमारास आणि ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. एकमेकांचे नावही न ऐकलेली ही दोन टोके जवळपास एकाच पिढीत विश्वाचे झाड शब्दांत बांधत होती. पण साम्य इथे संपते. गीतेतला अश्वत्थ हा संसार आहे, आणि असंगाच्या शस्त्राने तो तोडायचा आहे. इग्द्रासिल तोडायचा प्रश्नच येत नाही. ते जगवायचे आहे. एकोणिसाव्या शतकात काही विद्वानांनी दोन्ही झाडे एकाच बीजाची म्हणून जाहीर करून टाकली. मला ती घाई वाटते. झाड आणि जग यांची सांगड माणसाला अनेक ठिकाणी सुचली. त्या झाडाचे पुढे काय करायचे, यावर जो तो समाज आपापले बोलला.

नावाचा उलगडाही चमत्कारिक आहे. इग् हे ओडिनचेच एक नाव, अर्थ 'भयंकर'. द्रासिल म्हणजे घोडा. मिळून ओडिनचा घोडा. झाडाला घोडा का म्हणायचे? जुन्या नॉर्स कवितेत फासाच्या खांबाला फाशी गेलेल्याचा घोडा म्हणत. 'हावामाल' या काव्यात ओडिन सांगतो, की तो वाऱ्यात उभ्या असलेल्या एका झाडावर नऊ रात्री लटकून होता, भाल्याने जखमी, अन्नपाण्यावाचून, स्वतःच स्वतःला अर्पण केलेला. शेवटी त्याने रून, म्हणजे त्यांची लिपी आणि तिच्यातले गूढ ज्ञान, हस्तगत केले. कवितेत त्या झाडाचे नाव दिलेले नाही, पण ते इग्द्रासिलच असे बहुतेक अभ्यासक मानतात. क्रुसावरच्या ख्रिस्ताची छाया यात आहे की नाही, यावर दीडशे वर्षे वाद चालू आहे. मी त्यात पडत नाही.

हे सारे लिहिले गेले कुठे? आइसलंडमध्ये. नॉर्वेहून निघालेल्या लोकांनी हे बेट नवव्या शतकाच्या अखेरीपासून वसवायला सुरुवात केली. इसवी सन १००० च्या सुमारास तिथल्या लोकसभेने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. म्हणजे या कविता कातड्यावर उतरल्या तेव्हा लिहिणाऱ्यांची घराणी अडीचशेहून अधिक वर्षे ख्रिस्ती होती. दुसरी गोष्ट मला त्याहून जास्त विचारात टाकते. अ‍ॅश आइसलंडमध्ये उगवतच नाही. तिथे होती ती बहुतांशी बुटकी बर्चची राने. कोळशासाठी, मेंढ्यांच्या कुरणांसाठी तीही तोडली गेली. विसाव्या शतकात बेटाच्या जेमतेम एक टक्का भूमीवर जंगल उरले होते. विश्ववृक्षाची सर्वांत तपशीलवार वर्णने जपली ती ज्यांच्या दारात उंच झाडच नव्हते अशा लोकांनी. आठवणीतले झाड होते ते, समुद्रापलीकडे नॉर्वेत राहिलेले.

ख्रिस्ती लोकांनी जुन्या देवांच्या कथा लिहून का ठेवल्या? याचे कारण धर्मात नाही, कवितेत आहे. नॉर्स दरबारी कविता कोड्यांसारखी असे. सोने म्हणायचे तर एखाद्या देवीचे अश्रू म्हणायचे. कथा ठाऊक नसली तर ओळ कळत नाही. स्नोरी स्टुर्लुसन (११७९ ते १२४१) हा आइसलंडचा धनाढ्य पुढारी, कायद्याचा जाणकार आणि कवी. जुन्या कथा विसरल्या जात आहेत आणि तरुण कवींना जुने काव्य लागत नाही, हे पाहून त्याने १२२०च्या सुमारास 'एडा' नावाचे पाठ्यपुस्तकच लिहिले. बाराखडी शिकवावी तशा त्याने देवांच्या गोष्टी शिकवल्या. नॉर्वेच्या राजाशी त्याचे बिनसले आणि १२४१ साली राजाच्या माणसांनी त्याच्याच घराच्या तळघरात त्याला ठार मारले.

स्नोरीच्या या पुस्तकाला 'गद्य एडा' म्हणतात. 'पद्य एडा' म्हणजे मूळ कवितांचा संग्रह. त्याची मुख्य प्रत एकच, पंचेचाळीस पानांची, हाताच्या पंजाहून फार मोठी नाही. वासराच्या कातड्यावर दाटीवाटीने लिहिलेली, धुरकट तपकिरी. मधली आठ पाने गहाळ आहेत. पहिली चारशे वर्षे ही प्रत कोणाकडे होती याचा मागमूस नाही. १६४३ साली ती स्काल्होल्टचे बिशप ब्रिन्योल्फुर स्वेइन्सन यांच्या हाती आली. त्यांनी ते साल पानावर टिपले आणि शेजारी दोन 'एल' अक्षरे काढली. आपल्या नावाचे त्यांनी लॅटिनमध्ये 'चिलखत घातलेला लांडगा' असे भाषांतर केले होते, त्याची ती आद्याक्षरे. १६६२ साली त्यांनी पुस्तक डेन्मार्कच्या राजाला भेट पाठवले. आइसलंड तेव्हा डेन्मार्कच्या अमलाखाली होते. राजाच्या ग्रंथालयात गेले म्हणून नाव पडले 'कोडेक्स रेगियस', राजाचे पुस्तक. इग्द्रासिलचा मुख्य आधार तो हा. आणि यात एकही चित्र नाही.

मध्ययुगात चित्रे काढत नसत असे नाही. स्नोरीच्या एडाची १३००च्या आसपासची एक प्रत स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात आहे. तिच्यात एक रेखाचित्र आहे. वर-खाली रचलेल्या आसनांवर तीन राजे बसले आहेत आणि समोर उभा राहून एकजण प्रश्न विचारतो आहे. स्नोरीने सारी पुराणकथा या प्रश्नोत्तरांतून सांगितली आहे. म्हणजे चित्रकाराने काढले ते सांगणारे आणि ऐकणारा. झाड काढले नाही. नॉर्वेत उर्नेस इथल्या लाकडी चर्चच्या भिंतीवर अकराव्या शतकातले कोरीव काम आहे, त्यात एकमेकांना चावणारे साप आणि वेलबुट्टी यांचा सुंदर गुंता आहे. मध्ये एक चार पायांचा प्राणी आहे. काहींना त्यात इग्द्रासिल आणि पाला खाणारे हरीण दिसते, काहींना नाही. खाली नाव लिहिलेले नसल्यामुळे हा वाद मिटणारा नाही.

सतराव्या शतकात मात्र डेन्मार्क आणि स्वीडन यांना आपल्या प्राचीनतेचा पुळका आला. दोघांनाही जुनी पुस्तके हवी होती आणि ती होती आइसलंडच्या गरीब शेतघरांत. आर्नी माग्नुसन (१६६३ ते १७३०) या आइसलंडच्या विद्वानाला राजाने जमिनींच्या पाहणीसाठी घरी पाठवले. वर्षानुवर्षे तो बेटभर हिंडला, आणि पाहणी करता करता त्याने मिळेल ते कातड्याचे पान गोळा केले. काही पाने जुन्या पुस्तकांच्या बांधणीत चिकटवलेली होती. काही कपड्यांच्या नमुन्यासाठी कापली होती. एका हस्तलिखिताची पाने तर बिशपच्या टोपीत ताठपणासाठी शिवलेली निघाली. आर्नीने हे सारे कोपनहेगनला नेले, आणि १७२८ साली त्या शहराला भीषण आग लागली. त्याची छापील पुस्तके बहुतेक जळाली, हस्तलिखितांपैकीही काही गेली, पण महत्त्वाच्या जुन्या प्रती बहुतांशी वाचल्या. तो धक्का घेऊन सव्वा वर्षात तो वारला.

त्याच्या संग्रहात १६८०च्या सुमाराचे एक कागदी हस्तलिखित आहे. चोपडीसारखे उभट आणि अरुंद, म्हणून त्याला 'लांबोडकी एडा' अशा अर्थाचे लॅटिन टोपणनाव आहे. त्यात इग्द्रासिल आहे, आणि माझ्या माहितीत नाव घालून काढलेले हे त्याचे सर्वांत जुने चित्र. चित्रकार मोठा नव्हे. शाळकरी मुलाने धीटपणे काढावे तसे काम आहे. पण त्याने काय काढले ते पाहा. शेंड्याशी गरुड. फांद्यांना तोंड लावलेली हरिणे. खार. तळाशी मुळाला भिडलेला निडहोग. शेजारी नावे आणि माहितीची ओळ, म्हणजे वाचणाऱ्याचा घोळ नको. नऊ जगांची वर्तुळे नाहीत, मजले नाहीत. जो तो खातो आहे. ज्याने हे काढले त्याने बहुधा जन्मात अ‍ॅशचे झाड पाहिले नव्हते. त्याची पाने कुठल्याच झाडाची नाहीत. पण कविता त्याने नीट वाचली होती, आणि चित्रात उतरवली ती कवितेतली तक्रार.

आणखी एक माणूस इथे सांगितला पाहिजे, जरी त्याचे नाव झाडाच्या चित्रासाठी घेतले जात नाही. याकोब सिगुर्दसन हा पूर्व आइसलंडमधला गरीब, दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा कुळवाडी. १७६५-६६ मध्ये त्याने एडाची एक प्रत लिहिली आणि तिच्यात पानभर आकाराची सोळा रंगीत चित्रे काढली. देव त्याच्याच काळच्या टोप्या-कोटांत आहेत. थॉर बैलाचे डोके गळाला लावून महासर्प धरतो आहे, तोही एखाद्या ओळखीच्या कोळ्यासारखा दिसतो. पुढे एकोणिसाव्या शतकात उपासमारीला आणि ज्वालामुखीला कंटाळून आइसलंडचे हजारो लोक कॅनडाला गेले, तेव्हा एका कुटुंबाच्या सामानात ही प्रतही गेली. २००० साली ती परत आली. घर सोडताना माणसे किती थोडे नेऊ शकतात, आणि त्यात हे पुस्तक होते!

मग नऊ मजले कोणी बांधले? 'वोलुस्पा' या काव्यात नऊ जगांचा उल्लेख आहे हे खरे. पण ती नऊ कोणती, याची यादी कुठल्याही जुन्या पुस्तकात नाही. मुळांबद्दलही एकवाक्यता नाही. 'ग्रिम्निस्माल' म्हणते, एका मुळाखाली मृतांचा लोक, दुसऱ्याखाली हिमराक्षस, तिसऱ्याखाली माणसे. स्नोरी म्हणतो, एक मूळ देवांकडे गेले आहे, आणि ते चक्क आकाशात आहे! आकाशात मूळ असलेल्या झाडाचा नकाशा काढायला बसलात तर कागद फाटेल. जुन्या लोकांना त्याची गरजही नव्हती. ज्या कवितेत जे हवे ते तिथे असे.

एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांना मात्र ही गरज होती. फिन्न माग्नुसन हा कोपनहेगनमध्ये स्थायिक झालेला आइसलंडचा पंडित. आर्नीचा वंशज समजू नका. त्यांच्याकडे आडनाव नसते, माग्नुसचा मुलगा तो माग्नुसन. १८२४ ते १८२६ या काळात त्याने एडाच्या पुराणकथांवर चार खंड लिहिले. त्याच्या मते ही सारी पुराणे म्हणजे निसर्गाची आणि खगोलाची रूपके. 'ग्रिम्निस्माल'मधली देवांची घरे त्याने राशींना वाटून दिली. भारतीय, इराणी पुराणांशी तुलना केली. आणि विश्वरचनेची आकृतीही दिली. त्याच वळणाचे, ओलुफ बागे याने कोरलेले चित्र १८४७ साली लंडनमध्ये निघालेल्या 'नॉर्दर्न अँटिक्विटीज' या पुस्तकात आले. झाडाच्या मधोमध पृथ्वीची तबकडी, भोवती समुद्र, समुद्राला वेढा घातलेला सर्प, वर इंद्रधनुष्याचा पूल. आज आपण पाहतो ती बहुतेक चित्रे याच चित्राची नातवंडे-पतवंडे आहेत.

फिन्न मेहनती होता, पण त्याला सगळीकडे अर्थ दिसे. दक्षिण स्वीडनमध्ये रुनामो नावाच्या खडकावर रेघा आहेत. १८३४ साली त्याला त्या उलट बाजूने वाचताच त्यांत एक वीरकाव्य सापडले. त्यावर त्याने जाडजूड ग्रंथ लिहिला. १८४४ साली वोर्सो या तरुण पुरातत्त्वज्ञाने दाखवून दिले, की त्या निव्वळ नैसर्गिक भेगा आहेत. ही गोष्ट मी त्याची थट्टा करायला सांगत नाही. रिकामी जागा दिसली की ती भरण्याचा मोह त्याच्या आकृतीतही आहे, एवढेच. आकृती समजायला सोपी, म्हणून ती टिकली. तिच्यात गेले काय, तर दुखणे. हरिणे राहिली पण शोभेपुरती, खार विनोदापुरती. कुजणारी बाजू कोणी काढेना, आणि पाणी घालणाऱ्या बायका तर बहुतेक चित्रांतून नाहीशाच झाल्या. झाड म्हणजे जगे ठेवायची मांडणी झाली.

एकट्या वाग्नरला, त्या जर्मन संगीतकाराला, झाडाचा आजार जाणवला होता असे म्हणता येईल. १८७६ साली रंगमंचावर आलेल्या त्याच्या 'रिंग' या संगीतनाट्यमालिकेत देवराज भाल्यासाठी विश्ववृक्षाची फांदी तोडतो, त्या जखमेने झाड वाळते आणि शेवटी त्याचीच लाकडे देवांच्या महालाभोवती चितेसारखी रचली जातात. प्रभावी आहे, पण एडात हे नाही. एडात झाडाला मारणारा एक अपराधी नाही. खाणारे सगळे आपापली भूक भागवत आहेत. जगाचा अंत येतो तेव्हा झाड थरथरते, कण्हते. ते पडले असे मात्र कविता म्हणत नाही. लीफ आणि लीफथ्रासिर ही दोन माणसे एका रानात लपून राहतात, सकाळच्या दवावर जगतात आणि त्यांच्यापासून पुढची माणसे होतात. ते रान म्हणजे इग्द्रासिलच, असे पुष्कळांचे मत आहे. मलाही ते पटते, दवामुळे.

आइसलंड १९४४ साली प्रजासत्ताक झाले आणि त्याने आपली पुस्तके परत मागितली. डेन्मार्कमध्ये त्यावर संसदेत आणि न्यायालयात बराच झगडा झाला. अखेर २१ एप्रिल १९७१ रोजी डॅनिश नौदलाचे जहाज रेक्याविक बंदराला लागले. त्यात 'कोडेक्स रेगियस' होते. एवढा मोलाचा ऐवज विमानाने नेण्याची जोखीम घेतली नव्हती. धक्क्यावर हजारो लोक जमले होते. साम्राज्यांनी नेलेल्या वस्तू परत मागणाऱ्या देशांत आपणही आहोत, म्हणून ही तारीख मला महत्त्वाची वाटते. देणारा देश आपणहून, कायदा करून देत होता, आणि पंचेचाळीस पानांच्या एका मळकट पुस्तकासाठी लोक धक्क्यावर उभे होते. हे हस्तांतर १९९७ पर्यंत चालले. संग्रहाचा काही भाग कोपनहेगनमध्ये राहिला. रेक्याविकमध्ये २०२३ साली हस्तलिखितांसाठी नवी इमारत उभी राहिली, तिचे नाव 'एडा' ठेवले आहे.

आता खऱ्याखुऱ्या अ‍ॅशबद्दल. १९९२च्या सुमारास पोलंडमध्ये ही झाडे शेंड्याकडून वाळू लागल्याचे लक्षात आले. २००६ साली कारण उघड झाले, एक बुरशी. ती पूर्व आशियातली. तिथल्या अ‍ॅशच्या जातींना तिचा फारसा त्रास होत नाही, युरोपातल्या झाडांना मात्र तिची सवय नव्हती. आधी पाने काळवंडतात, मग कोवळे फुटवे वाळतात, मग रोग फांद्यांतून बुंध्यात उतरतो. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, जिथे कवितेतले झाड प्रथम पाहिले गेले, तिथली राने तिने पोखरली. २०१२ साली ती ब्रिटनमध्ये आढळली. तरी शेकड्यात थोडी झाडे अशी निघतात, की शेजारची वाळली तरी ती हिरवी राहतात. वनस्पतिशास्त्रज्ञ अशी झाडे हेरून त्यांच्या फांद्यांची कलमे करतात. २०२० साली इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात अशा कलमांची सुमारे तीन हजार रोपे एकत्र लावली गेली.